कशाला पाहिजे?

होस्टेलवर राहायला आल्यावर आपण सगळ्यात पहिली वस्तू कोणती विकत घेतो? कॅल्क्युलेटर? ड्राफ्टर? छे! कुलूप. रेक्टर खोलीचा नंबर सांगतात आणि पाठोपाठ बजावतात, "कुलूप आपापलं आणायचं." त्यानंतर नंबर लागतो कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचा. मग ती दोरी बांधायला खिळ्यांचा. (भिंतीत खिळे ठोकायला सक्त मनाई आहे, अशी नोटीस आमच्या मजल्यावर लावलेली आहे. ती खिळ्यावरच टांगली आहे, ही गोष्ट वेगळी!) मग एक्स्टेन्शन बोर्ड, बादलीचा तुटलेला कान जोडायला तार, खिडकीची खिट्टी... म्हणजे बघा, इंजिनिअरिंगची डिग्री कॉलेज देतं, पण इंजिनिअरिंग सुरू होतं ते हार्डवेअरच्या दुकानात.

आता ही सगळी यादी मोबाइलवरून दहा मिनिटांत दारात येते, हे मलाही माहीत आहे. माझ्या रूममेटनं तर कुलूपसुद्धा तसंच मागवलं. कुलूप आलं. दणकट होतं, चकाचक होतं, स्वस्तही होतं. फक्त त्याची कडी आमच्या दाराच्या कोयंड्यात शिरेना! भोक लहान आणि कडी जाड. बिचारीला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई गं, कुलूप कुठल्या दाराला लावायचंय?

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसांबद्दल मला लिहायचंय. कारण तशाच एका माणसाच्या घरात मी वाढले.

कराडला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्या आजोबांनी कोयनेच्या भूकंपाच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू केलेलं. त्यांना घरात अण्णा म्हणायचे, म्हणून गावही अण्णाच म्हणायचं. दुकान बारा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल. पुढे काउंटर, त्यावर तराजू, वर आढ्याला टांगलेली दोराची भेंडोळी, आणि मागे छतापर्यंत लाकडी खण. एकूण २४०. (हा आकडा मी स्वतः मोजलाय, का ते पुढे सांगते.) कुठल्याही खणावर नाव लिहिलेलं नाही. प्रत्येकाच्या तोंडावर आतल्या वस्तूचा एक नमुना तारेनं बांधलेला. बिजागरीच्या खणावर बिजागरी, खुंटीच्या खणावर खुंटी. कारण दुकानात काम करणारे मामा शाळेत गेलेले नव्हते आणि सुरुवातीची निम्मी गिऱ्हाइकंही नव्हती. वाचता येवो न येवो, वस्तू सगळ्यांना ओळखता यायची.

माझी शाळा मात्र कॉन्व्हेंट. तिची फी या खणांमधूनच गेली. शाळेत मराठी बोललं की दंड असायचा आणि दुकानात इंग्रजी बोललं की मामा म्हणायचे, "पोरी, माणसासारखं सांग, काय देऊ?" त्यामुळे माझ्या डोक्यात तेव्हापासून दोन डिक्शनऱ्या आहेत. शाळेतली पुस्तकातून आलेली, मराठीची खणांमधून आलेली. बिजागरी, कोयंडा, अडसर, कानस, पटाशी, रंधा, गिरमिट, गुण्या, ओळंबा, सांडशी... हे शब्द मी आधी हाताळले, मग शिकले. तेव्हा या लेखात कुठे शुद्धलेखनाचे आटे गेलेले दिसले, तर संपादकांनी ते नवे पाडून घ्यावेत ही विनंती!

त्यातला माझा सगळ्यात आवडता शब्द 'चूक'. सुतार येऊन म्हणायचे, "अण्णा, पावशेर चुका द्या." चूक म्हणजे बारीक खिळा. शाळेत माझ्या चुकांखाली लाल रेघ पडायची आणि आमच्या दुकानात त्या वजनावर विकल्या जायच्या! फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबला सरांनी 'बास्टर्ड फाइल' मागितली तेव्हा अख्खी बॅच फिदीफिदी हसली. मी नाही हसले. ती रफ आणि स्मूथच्या मधली कानस, हे मला आठवीतच माहीत होतं. आमच्याकडे तिचा खपही बरा होता.

दुकानाचं कॅलेंडर वेगळं असतं. मे महिना आला की पत्र्याचे हुक, डांबरी वायसर आणि ताडपत्री. जूनला खुरपी, फावडी, घमेली. श्रावणात झोपाळ्याच्या कड्या आणि साखळ्या. गणपतीत मखरासाठी चुका आणि बारीक तार. दिवाळीच्या आधी रंग, ब्रश, पॉलिश पेपर आणि बेलतेल. दिवाळी सरली की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटणार, म्हणजे कोयते आणि त्यांना धार लावायला कानशी. एका खणात अजून कंदिलाच्या वाती आहेत. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगल्यांचा काच कारखाना सुरू झाला. तिथला प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी होता. पुढे कारखाना बंद पडला, कंदील माळ्यावर गेले, पण अण्णांनी वाती काही काढल्या नाहीत. "कंदील टिकाऊ होते रे," म्हणायचे, "कुणाच्या तरी घरात असेलच एखादा."

आता मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या दोस्तांसाठी एक व्हायवाचा प्रश्न. अर्धा इंची जीआय पाइपमध्ये अर्धा इंच नेमका कुठे असतो? बाहेरून मोजा, २१.३ मिलिमीटर. आतून मोजा, निळ्या पट्ट्याच्या म्हणजे मध्यम जाडीच्या पाइपला साधारण १६. आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. म्हणजे कुठेच नाही! पूर्वी पाइपची भिंत जाड असायची, तेव्हा आतलं भोक अर्ध्या इंचाच्या आसपास होतं. पुढे माल सुधारला, भिंत पातळ झाली. पण जुन्या फिटिंगचे आटे बसले पाहिजेत, म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला. माप गेलं, नाव राहिलं.

हार्डवेअरच्या दुकानात अशी गेलेल्या मापांची नावं जागोजागी भेटतात. मेट्रिक पद्धत आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पण सूत काही हललं नाही. एका इंचाचे आठ सूत. म्हणून गवंडी आजही बारा मिलिमीटरच्या सळईला चार सुती म्हणतो आणि दहाच्या सळईला तीन सुती. स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड होतो, तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते. दहाच्या बोल्टला सतराचा पाना लागतो. यातलं काही तुम्हाला तर्कानं सुचणार नाही. कुणीतरी सांगावंच लागतं.

अण्णा नववी पास होते. पूर्वी आमच्याकडे सळईही असायची. बारा मीटरच्या एका सळईचं वजन त्यांना पाढ्यासारखं पाठ : "आठाची पावणेपाच, दहाची साडेसात, बाराची पावणेअकरा, सोळाची एकोणीस." आपण व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागतो आणि बारानं गुणतो. मी चारही करून बघितले. सगळ्यात जास्त फरक दहाच्या सळईत येतो, सव्वा टक्का. आणि फॉर्म्युला आठवायला लागणारा वेळ धरला, तर अण्णाच पुढे!

महिन्या-दोन महिन्यांनी अण्णा रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायचे. सकाळी उतरून थेट लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट. थोडा माल हवा असेल तर पुण्याला, रविवार पेठेतली बोहरी आळी. या धंद्यात दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांचं मोठं नाव. लोखंडवाला हे आडनाव काही उगाच पडलेलं नाही! अण्णांचा बराचसा माल अशा पेढ्यांवरून यायचा, तोही शब्दावर. चिठ्ठी नाही, सही नाही. मोहरमचे पहिले दहा दिवस या पेढ्या बंद असतात. म्हणून आमच्या देवघराशेजारच्या कालनिर्णयवर आजीच्या एकादशीच्या जोडीला अण्णांची मोहरमची खूण असायची. तीसुद्धा छापलेल्या तारखेच्या एक-दोन दिवस अलीकडे, कारण बोहऱ्यांचं कॅलेंडर गणितावर चालतं, चंद्र दिसायची वाट बघत नाही. हे सगळं सांभाळून माल आणायचा आणि पावसाच्या आधी खण भरायचे. 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा विषय मला इलेक्टिव्हला आहे. त्यातलं बरंचसं मी ऐकलेलं आहे, फक्त मराठीत.

असो. मुद्द्यावर येते.

दुकानात कुणीही येवो आणि काहीही मागो, अण्णांचा पहिला शब्द ठरलेला. "कशाला पाहिजे?" नवख्या माणसाला हे उद्धट वाटायचं. पैसे देऊन वस्तू मागतोय, कशाला पाहिजे ते तुम्हाला कशाला पाहिजे? पण जुनी गिऱ्हाइकं हा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर द्यायला लागायची. नमुना रुमालात बांधून आणायची. कुणी झिजलेला वायसर, कुणी मोडकी खिट्टी, कुणी नुसतंच सुतळीला गाठ मारून आणलेलं माप.

एकदा एक गृहस्थ मोठ्यात मोठं कुलूप मागायला आले. शेजारी चोरी झालेली. अण्णांनी विचारलं, कशाला पाहिजे, कुठल्या दाराला, कोयंडा कसा आहे. मग म्हणाले, "मोठं कुलूप नेऊ नका. चोर कुलूप तोडत नाही, कोयंडा उपटतो. तुमचा कोयंडा चार स्क्रूंवर उभा आहे." आणि त्यांना मधल्या मापाचं कुलूप, नवा कोयंडा आणि दाराच्या आरपार जाऊन आतून नट बसणारे बोल्ट दिले. बिल निम्म्याहून कमी झालं. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकी, हे आपल्याला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकवतात. कच्ची कडी नेमकी कुठे आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरा किस्सा बोल्टचा. एकजण जुन्या ऑइल इंजिनाचा मोडका बोल्ट घेऊन आला. सोबत दुसरीकडून आणलेला नवा, तोही अर्ध्या इंचाचाच. पण नवा बोल्ट दोन आटे जायचा आणि अडायचा. अण्णांनी दोन्ही बोल्ट एकमेकांना आट्यात आटे घालून चिकटवले आणि उजेडासमोर धरले. मधून फट दिसली. "हा जुना बारा आट्याचा. तुझा नवा तेरा आट्याचा. जबरदस्ती केलीस तर इंजिन बाद करशील." मामांनी शिडी लावली आणि वरच्या खणातून बोल्ट काढून दिला. सेकंड इयरला मशीन ड्रॉइंगमध्ये मला त्याचा उलगडा झाला. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजानं १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं, कोन ५५ अंश. त्यात अर्ध्या इंची बोल्टला इंचामागे बारा आटे. अमेरिकन जाड्या आट्यांत तेच तेरा, कोन ६० अंश. अण्णांनी व्हिटवर्थचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो खण नंबर सतरा होता!

हा प्रश्न अण्णांनी फक्त एकदा सोडून दिला होता, असं आजी सांगते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. शेजारच्या पाटण तालुक्यात घरंच्या घरं पडली. ऐन थंडीत माणसं उघड्यावर आली. छपरं उभी करायला जे लागेल ते, खिळे, तार, दोर, पत्र्याचे हुक, लोक मागत गेले आणि अण्णा देत गेले. दुकान नवं, भांडवल उसनं. "त्या महिन्यात कुणालाच कशाला पाहिजे विचारलं नाही त्यांनी," आजी म्हणते, "दिसतच होतं ना!" त्या उधारीची लाल वही अजून घरात आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावावर आडवी रेघ. काहींनी पाच वर्षांनी दिले, काहींनी जोंधळ्याचं पोतं आणून टाकलं. आठ-दहा नावांवर रेघ नाही. अण्णांनी ती वही कुणाला दाखवली नाही आणि फाडलीही नाही.

आणखी एक गोष्ट मला बाबांनी मागच्या वर्षी सांगितली, अण्णा गेल्यानंतर. बाबा तेव्हा नुकतेच दुकानात बसायला लागले होते. भर दुपारी एक ओळखीचा शेतकरी आला आणि दोर मागितला. अण्णांनी नेहमीसारखं विचारलं, "कशाला पाहिजे?" तो म्हणाला, "बैलाला." अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं बैल विकून वर्ष झालं होतं, हे अण्णांना माहीत होतं. मग म्हणाले, "दोर संपलाय रे. उद्या येईल. बस, चहा घे." दोराची भेंडोळी दोघांच्या डोक्यावर लटकत होती. तो वर बघून गप्प बसला. मामांना चहा सांगायला पाठवलं आणि जाता जाता हळूच त्याच्या भावाला निरोप द्यायला सांगितलं. भाऊ येईपर्यंत अण्णा त्याच्याशी पावसावर बोलत राहिले. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं आली, त्यांना बाबांनी बघितलं. पुढे काय झालं, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "काही नाही. नंतर त्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही जेवून आलो."

तेव्हापासून मला वाटतं, की 'कशाला पाहिजे?' हा विक्रीचा प्रश्न नव्हताच. समोरच्याच्या हातात आपण देतोय ती वस्तू इथून जाऊन काय करणार आहे, याची थोडी जबाबदारी आपलीही आहे, असं मानणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. मोबाइलवर वस्तू मागवताना आपलं नाव, पत्ता, पिनकोड, सगळं विचारतात. एवढं एकच विचारत नाहीत.

आता उगाच जुनं ते सोनं म्हणून गळा काढायचा नाहीये मला. आमच्या दुकानात भाव ठरलेले नसायचे. धूळ तर इतकी, की मला अजून शिंका येतात. बायका पायरीवर ताटकळायच्या आणि पुरुष गिऱ्हाइकं आधी सुटायची. मोठ्या नव्या दुकानांत भाव लिहिलेला असतो, वस्तू हातात घेऊन बघता येते, बाईमाणसाला कुणी थांबवत नाही. हे चांगलंच झालं. हार्डवेअरचा धंदा काही बुडालेला नाही. घरं बांधली जातायत, प्लायवूड आणि लॅमिनेटच्या शोरूम जोरात आहेत. पण स्क्रू आता पाकिटात येतो. एक हवा असला तरी दहा घ्या. नळ बिघडला तर वायसर बदलत नाहीत, नळच बदलतात. ज्या दुकानात एकच नट सुटा मिळायचा आणि तो कशाला लागणार हे विचारलं जायचं, ते दुकान मात्र चाललंय.

आमचंही चाललंय बहुतेक. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा फावड्याला कर शून्य आणि हातोड्याला १८ टक्के. दोन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच पिशवीत. बाबांनी ते शिकून घेतलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शटर बंद होतं, तेही काढलं. पण आता एकजण तीच जागा मोबाइलच्या दुकानासाठी भाड्यानं मागतोय आणि भाडं आमच्या दुकानाच्या कमाईपेक्षा जास्त आहे. दसऱ्यापर्यंत कळवायचंय. मे महिन्यात एक भंगारवाला येऊन माल बघून गेला. सगळ्या खणांवरून नजर फिरवली आणि किलोचा एकच भाव सांगितला. बारा आट्याचा बोल्ट आणि गंजलेला पत्रा, दोघांना सारखाच!

मी एकुलती एक. "यातून बाहेर पडावीस म्हणून तर शिकवलं," बाबा म्हणतात. दुकानात बसशील का, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. मुलगा असते तर विचारलं असतं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं, तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहे. मलाही ती हवी आहे.

पण भंगारवाला गेला त्या रात्री मी एक दोनशे पानी वही घेतली आणि चार रकाने आखले. खण, वस्तू, माप आणि कशाला. दुसऱ्या दिवसापासून शिडीवर चढले. पहिले तीन रकाने सुट्टीत माझे मीच भरले, व्हर्निअर घेऊन. चौथा रकाना मात्र मला भरता येईना. वस्तू हातात होती, माप दोन दशांशांपर्यंत होतं, पण ती जगात कुठे बसते ते माहीत नव्हतं. ते बाबांना आणि मामांना माहीत. म्हणून आता रोज रात्री मेसमधून आले, की नऊला मी फोन लावते. "बाबा, खण नंबर एकशे बारा." आणि बाबा सुरू होतात. पूर्वी आमचा फोन दोन मिनिटांचा असायचा. जेवलीस का, पैसे आहेत का, बरं ठेव. आता पाऊण तास चालतो. एका कडीवरून कुठल्यातरी वाड्याच्या दारावर जातात, तिथून तो वाडा बांधणाऱ्या सुतारावर. रूममेटला वाटतं माझं काहीतरी भलतंच सुरू आहे!

आत्तापर्यंत १६३ खण भरलेत. एक खण अडलाय, दोनशे अकरा. त्यात पितळेचे सात तुकडे आहेत. बोटभर लांब, एका टोकाला वाकवलेले, दुसऱ्या टोकाला डावे आटे. डावे आटे म्हणजे नेहमीच्या उलट फिरणारे, तेव्हा नक्कीच कुठल्यातरी फिरत्या भागावरचे असणार, एवढाच माझा अभ्यास. बाबांना आठवत नाही. मामा म्हणतात, "अण्णांना ठावं होतं." चौथा रकाना कोरा आहे. तुमच्यापैकी कुणाला किंवा वर्कशॉपमधल्या कुणा सरांना ओळखता आलं, तर जरूर सांगा. एक तुकडा माझ्या खोलीत टेबलावर आहे.

परवा फोन ठेवताना बाबा जरा थांबले. म्हणाले, "बाळा, एवढं सगळं लिहून घेतीयेस. पण हे रजिस्टर तुला कशाला पाहिजे?"

मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांबा बाबा. कुणाला काही कळवू नका. सांगते."